संजय गांधीचा पगार आणि सफदरजंगचं विमान

आमच्या जालना जिल्ह्यात एखाद्या विधवेचं सरकारी अनुदान मंजूर झालं की शेजारणी म्हणतात, "तिला संजय गांधी लागू झालं." पैसे खात्यात जमा झाले की 'संजय गांधीचा पगार आला'. तहसील कचेरीत या कामाचं जे टेबल असतं, त्याचं नाव 'संगांयो'. संजय गांधी निराधार अनुदान योजना एवढं लांबलचक नाव कोण घेत बसणार? नायब तहसीलदारही 'संगांयो'चे, कारकूनही 'संगांयो'चे. तीन अक्षरांत माणूस पार विरघळून गेला आहे.

गेल्या वर्षी खालाला घेऊन हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला गेलो होतो. खालू वारले तेव्हा तिची तीन लेकरं लहान होती. त्या काळात तिला हे अनुदान लागू झालं. वयाची पासष्टी ओलांडल्यावर नियमाप्रमाणे तिचं नाव श्रावणबाळ योजनेत गेलं, पण तिच्या तोंडी अजून संजय गांधीच आहे. बाकावर बसल्या बसल्या तिनं मला विचारलं, "बाबा, ये संजय गांधी कौन थे रे? उनको बाल-बच्चे नै थे क्या, सबको पैसे बाट के गए?"

शेजारची एक आजी हसली. मीही हसलो. मग लक्षात आलं की या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येणार नाही. "घरी गेल्यावर सांगतो," म्हणालो. त्यानंतर जे वाचलं, आठवलं, जुळवलं, ते इथे मांडतो आहे. त्याची सुरुवात जालन्यात नाही, दिल्लीत होते.

२३ जून १९८०, सोमवार. सकाळी आठच्या सुमाराला दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरून दोन आसनांचं एक लाल विमान उडालं. पिट्स एस-२ए हे त्याचं नाव. एकावर एक अशा दोन पंखांच्या जोड्या, दोनशे अश्वशक्तीचं इंजिन आणि कसरतींसाठीच बनवलेलं अंग. अमेरिकेच्या कर्टिस पिट्स यांनी आखलेली ही विमानं जगभरच्या हवाई कसरतींच्या स्पर्धांत नावाजलेली होती. विमान दिल्ली फ्लाइंग क्लबचं. आत पंतप्रधान इंदिरा गांधींचे धाकटे चिरंजीव संजय गांधी आणि क्लबचे अनुभवी वैमानिक कॅप्टन सुभाष सक्सेना. सक्सेनांनी नुकताच चहा मागवला होता, एखादा घोट घेतला असेल नसेल तोच 'साहेब विमानात बसले' असा निरोप आला, असं सांगतात. त्या दिवशी माधवराव शिंदे संजयबरोबर जाणार होते, असंही नंतर सांगितलं गेलं. ते वाचले. आणि २००१ मध्ये मैनपुरीजवळ अशाच एका छोट्या विमानाच्या अपघातात गेले.

संजय गांधी तेव्हा ३३ वर्षांचे होते. आणीबाणीत विमान चालवण्याचा परवाना मिळाला, जनता पक्षाचं सरकार आलं तेव्हा तो गेला, आई पुन्हा पंतप्रधान झाल्यावर परत मिळाला. मोठे भाऊ राजीव हे इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक. विमानात चप्पल घालून बसू नकोस, बूट घाल, असं ते धाकट्याला बजावत. संजय मात्र कुर्ता-पायजमा आणि कोल्हापुरी चप्पल यांतच उडत, अशी आठवण त्यांच्यावरच्या लिखाणात येते. आपल्या कोल्हापूरचा या गोष्टीशी आलेला संबंध एवढाच.

दहा-बारा मिनिटं विमान दिल्लीच्या सर्वात महत्त्वाच्या वस्तीवर, म्हणजे मंत्र्यांच्या बंगल्यांवर आणि वकिलातींवर, कोलांट्या घेत राहिलं. मग एका कोलांटीतून ते वर आलंच नाही. १२, विलिंग्डन क्रेसेंटच्या मागच्या झाडीत ते कोसळलं. दोघंही जागच्या जागी गेले. घातपाताच्या अफवा उठल्या, त्या आजही अधूनमधून कुणी ना कुणी उकरून काढतो. पण घातपात शोधण्याआधी हवेचा साधा नियम समजून घेतला तर बऱ्याच अफवांची गरज उरत नाही.

तो नियम असा. एसटीच्या खिडकीतून आपण लहानपणी हात बाहेर काढायचो आणि कंडक्टरच्या शिव्या खायचो, आठवतं? तळवा सपाट धरला की हात वाऱ्यात तरंगतो. बोटांकडची बाजू थोडी वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. आणखी वर केली की मात्र उचल संपते आणि हात नुसता मागे ढकलला जातो. विमानाच्या पंखाचंही हेच. हवा पंखावर ज्या कोनातून येते तो कोन साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे गेला, की वरून सुरळीत वाहणारी हवा पंखाला सोडून विस्कटते. पंखाची उचलण्याची ताकद एकदम गळून पडते. याला वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. आपल्याकडे स्टॉल म्हटलं की भज्यांचं दुकान डोळ्यांसमोर येतं. इथे इंजिन बंद पडण्याशीही काही संबंध नाही. इंजिन जोरात चालू असतानाही पंख रुसतो.

यातून सुटायचा उपाय उलटा आहे, आणि माणसाचा जीव तिथेच जातो. विमान पडतंय असं दिसलं की हात आपसूक दांडी मागे ओढतो, म्हणजे नाक आणखी वर घेतो. त्यानं कोन वाढतो आणि स्टॉल आणखी पक्का होतो. खरं तर दांडी पुढे ढकलून नाक खाली करावं लागतं, वेग मिळू द्यावा लागतो आणि मग हळूच वर यावं लागतं. या सगळ्याला उंची लागते. म्हणून शिकाऊ वैमानिकाला स्टॉल शिकवतात ते हजारो फुटांवर. खाली मोकळी हवा असेल तर स्टॉल हा नुसता धडा असतो. खाली झाडं असतील तर दुसरी संधी नसते.

कोलांटीत, म्हणजे लूपमध्ये, आणखी एक गोष्ट घडते. लूपच्या तळाशी विमान खाली झेपावत असतं आणि वैमानिक त्याला ओढून वर काढत असतो. त्या वेळी पंखावर विमानाच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. भार चौपट झाला तर ज्या वेगाला पंख स्टॉल होतो तो वेगही दुप्पट होतो. म्हणजे विमान भरधाव असतानाही स्टॉल होऊ शकतं. जमीन जवळ दिसली म्हणून जास्त जोरात ओढावं तर पंख हवा सोडतो, आणि कमी ओढावं तर जमीन येऊन भिडते. २३ जूनच्या त्या शेवटच्या क्षणी या दोहोंपैकी नेमकं काय झालं, हे जमिनीवरून बघणाऱ्याला दिसणारं नव्हतं. पण दोन्हींचं मूळ एकच आहे. विमान कसरतीला हवं होतं त्यापेक्षा फार खाली होतं.

मुंबईकरांना २०१८ चा घाटकोपरचा अपघात आठवत असेल. २८ जूनच्या पावसाळी दुपारी जुहूहून चाचणीसाठी निघालेलं एक जुनं किंग एअर विमान भर वस्तीत पडलं. विमानातले चौघे गेले आणि रस्त्यावरचा एक मजूरही. चौकशी अहवालात स्टॉलचंच कारण आलं. तिथेही खाली उंची नव्हती. फरक असा की तिथे कुणी हौस म्हणून खाली उडत नव्हतं.

हौस म्हणून इतक्या खाली उडता येतं का? राजधानीवर कोलांट्या मारता येतात का? नियमानं येत नाहीत. मग कुणी अडवलं का नाही? अडवलं होतं. ही गोष्ट आपल्या लोकांना फारशी माहीत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

देशातल्या नागरी विमानांच्या सुरक्षेची जबाबदारी महासंचालकावर असते. त्या पदावर तेव्हा एअर मार्शल जाफर जहीर होते. हवाई दलात हयात घालवलेला अधिकारी. संजय गांधींच्या उड्डाणांत सुरक्षेचे नियम मोडले जात आहेत, हा आक्षेप त्यांनी घेतला आणि तो सोडला नाही. पंतप्रधानांच्या मुलाविरुद्ध, आणि तेही पंतप्रधानांनी नुकतीच प्रचंड बहुमतानं सत्ता परत मिळवलेली असताना. व्हायचं तेच झालं. जहीर यांना पद सोडावं लागलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत विमान पडलं.

आपल्याकडे दर पंधरा ऑगस्टला 'देशाच्या जडणघडणीतले मुसलमान' अशा याद्या मोबाईलवर फिरतात. अब्दुल हमीद असतात, ब्रिगेडियर उस्मान असतात, कलाम साहेब असतात. असायलाच हवेत. जाफर जहीर मी त्यात कधी पाहिले नाहीत. ते युद्धात लढताना शहीद झाले नाहीत, त्यांनी क्षेपणास्त्र बनवलं नाही. त्यांनी एका फाइलवर 'हे चालणार नाही' असं म्हटलं आणि घरी गेले. अशा माणसाचा पुतळा कुणी उभारत नाही. पण त्यांचं ऐकलं असतं तर दोन माणसं जगली असती. त्यातला एक माणूस असा होता की ज्यानं आमच्या लोकांची घरं पाडली, आमच्या बापजाद्यांना नसबंदीच्या धाकानं शेतात झोपायला लावलं. त्याचाही जीव वाचवण्यासाठी नियमावर बोट ठेवणारा अधिकारी जाफर जहीर नावाचा होता. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

१९८० च्या त्या उन्हाळ्यात आणखी एक योग होता. हवाई दलाचे प्रमुख होते एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ, हैदराबादचे, म्हणजे मराठवाड्याच्या जुन्या राजधानीचे. हेच लतीफ पुढे १९८२ ते १९८५ महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आणि ९ जून १९८० ला, म्हणजे अपघाताच्या बरोबर दोन आठवडे आधी, महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली होती बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी.

अंतुले कोकणातल्या आंबेतचे. राज्याला आजवर मिळालेले एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. १९७७ च्या पराभवानंतर महाराष्ट्रातले बडे बडे नेते इंदिरा गांधींना सोडून गेले, तेव्हा अंतुले त्यांच्याबरोबर राहिले. फेब्रुवारी १९८० मध्ये शरद पवारांचं पुलोद सरकार बरखास्त झालं, मे अखेरीस निवडणूक झाली, इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या. मुख्यमंत्री कोण, हा प्रश्न मुंबईत सुटणारा नव्हता, तो दिल्लीत सुटला. आणि त्या वेळच्या दिल्लीत संजय गांधींचा शब्द चालत होता. ते मे महिन्यातच पक्षाचे सरचिटणीस झाले होते. ना साखर कारखाना, ना मराठा गट, ना स्वतःची जात पाठीशी, असा कोकणी मुसलमान सहकारसम्राटांच्या राज्यात मुख्यमंत्री होतो, तो वरून आलेल्या शब्दावरच. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. त्या राज्यात दुसरा रस्ताच नव्हता, हे खरं दुःख आहे.

शपथेनंतर चौदाव्या दिवशी ज्यानं शब्द टाकला तो माणूस गेला. अंतुल्यांनी आपली निष्ठा नावांतून दाखवली. त्याच वर्षी राज्यातल्या निराधारांसाठी मासिक अनुदानाची योजना आली आणि तिला संजय गांधींचं नाव मिळालं. स्वावलंबन योजनेलाही तेच नाव मिळालं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आज त्याच नावानं ओळखलं जातं. बिबट्यांची तक्रार नाही.

याला चापलुसी म्हणायचं का? म्हणायला हरकत नाही. तेव्हा म्हटलं गेलंच. इंदिरा गांधींच्या नावानं काढलेल्या प्रतिभा प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचा कोटा यांचा संबंध अरुण शौरींनी १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मधून मांडला, १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि अंतुल्यांची खुर्ची गेली. ज्या नावांच्या आधारानं ते वर चढले, त्यातल्याच एका नावानं खाली आले. पुढे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, ते २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक खात्याचे पहिले मंत्री झाले, २०१४ मध्ये वारले. त्या सगळ्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्यात पडायचं नाही.

मला दीड वर्षाच्या त्या कारकिर्दीतली दुसरी बाजू दिसते, कारण मी जालन्यात राहतो. १ मे १९८१ च्या आधी जालना हा जिल्हाच नव्हता. औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड आणि परभणीतून परतूर असे तालुके काढून अंतुले सरकारनं जालना जिल्हा केला. त्याच दिवशी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा केला. 'जालना, सोने का पालना' ही म्हण मिरवणाऱ्या शहराला कलेक्टर कचेरी तेव्हा मिळाली. भोकरदनच्या टोकाच्या गावातल्या माणसाला एका सहीसाठी औरंगाबादला जाऊन मुक्काम करावा लागायचा, तो खर्च वाचला. पुढे बदनापूर, घनसावंगी आणि मंठा हे तालुके झाले. आज आठ तालुक्यांच्या आठ तहसील कचेऱ्यांत आठ 'संगांयो' टेबलं आहेत. जिल्हा करणाराही तोच, आणि टेबलावर हे नाव ठेवणाराही तोच.

आता नसबंदीकडे येतो. इथे मला आपल्याच माणसांशी थोडं भांडायचं आहे.

आपल्या बैठकांमध्ये आणीबाणीचा विषय निघाला की तुर्कमान गेट येतं, मुजफ्फरनगर येतं. यावं. एप्रिल १९७६ मध्ये तुर्कमान गेटला बुलडोझर लागले, गोळ्या चालल्या. ऑक्टोबरमध्ये मुजफ्फरनगरला नसबंदीला विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला. शाह आयोगानं हे सगळं नोंदवलं. पण १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, हेही त्याच काळाच्या नोंदींत आहे. ते ८० लाख काही सगळे आपले नव्हते. ते भूमिहीन होते, दलित होते, स्टेशनवरचे हमाल होते, बाजाराला आलेले शेतकरी होते. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये रस्त्यावरून माणसं धरून नेऊन शस्त्रक्रिया केल्याचा प्रकार पुढे गाजला. तिथे पकडणाऱ्यांनी नाव विचारून सोडलं किंवा धरलं, असं नव्हतं. गरीब दिसला की धरला.

आणि हे सगळं दिल्लीतून एका मुलानं केलं, एवढंही म्हणता येत नाही. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केलं होतं. अशी हिंमत केलेलं दुसरं राज्य नव्हतं. मुख्यमंत्री आपल्या मराठवाड्यातले शंकरराव चव्हाण. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. ज्या आमदारांनी हात वर केले त्यांची नावं आपण विसरलो, कारण सगळं एकाच्या डोक्यावर टाकणं सोपं असतं. तो माणूस विमानातून पडून मेला तेव्हा काही ठिकाणी 'अल्लाह की लाठी' असं म्हटलं गेलं. माझ्या लहानपणी मीही ऐकलं आहे. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं, आणि आता स्टॉलचं गणित समजल्यावर तर अजिबात नाही. त्याच विमानात सुभाष सक्सेना होते. त्यांनी कुणाचं घर पाडलं होतं?

मराठवाड्याच्या खेड्यात नसबंदीची आठवण वेगळ्या तऱ्हेनं राहिली आहे. 'केस' हा शब्द विचारा कुणाही म्हाताऱ्या मास्तरांना. मास्तरांनी केस आणायची, तलाठ्यानं केस आणायची, ग्रामसेवकानं आणायची, नाहीतर पगार अडायचा. आमचे खालू मोंढ्यात हमाली करायचे. जीप दिसली की पोती टाकून पळायचे. दोन महिने ते बाजाराच्या दिवशी गावातच आले नाहीत, ज्वारीच्या रानात झोपायचे, आणि खाला भाकरी कपड्यात बांधून न्यायची. तिचं पहिलं मूल तेव्हा व्हायचं होतं. म्हणजे ज्याला अजून एकही लेकरू नव्हतं तो माणूस नसबंदीला भिऊन रानात झोपत होता. धाकाला हिशेब नसतो.

हेच खालू पुढे वारले आणि खालाच्या तीन लेकरांच्या भाकरीत ज्या नावाचे पैसे आले, ते नाव होतं संजय गांधी.

या योजनेवर आपल्या समाजात कुणी नीट लिहिलेलं मला आढळलं नाही. ती मुसलमानांसाठी नाही, सगळ्या निराधारांसाठी आहे. विधवा, अपंग, अनाथ, क्षयरोगी, कुष्ठरोगी, देवदासी, तृतीयपंथी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची घरं. पण पात्रतेच्या यादीत एक ओळ अशी आहे की ज्यांना घटस्फोटानंतर पोटगी मिळत नाही किंवा अगदी कमी मिळते, त्या बायकांनाही अनुदान मिळतं. परित्यक्तांनाही मिळतं. १९८५ मध्ये शाहबानोचा निकाल आला, देश पेटला, १९८६ मध्ये कायदा आला. त्या कायद्यानं बाईची जबाबदारी आधी माहेरच्यांवर आणि शेवटी वक्फ मंडळावर टाकली. परिषदा झाल्या, मोर्चे निघाले. आमच्या मोहल्ल्यातल्या ज्या बायकांना तोंडी तलाक देऊन हाकललं गेलं, त्यांना मी वक्फ मंडळाच्या दारात कधी पाहिलं नाही. त्या मला दिसल्या 'संगांयो'च्या टेबलापुढे, तलाठ्याचा दाखला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन. शरीयतीवर भाषणं करणाऱ्यांनी आणि समान नागरी कायद्यावर भाषणं करणाऱ्यांनी एक दिवस त्या बाकावर येऊन बसावं. 'तलाक झाल्याचा कागद आणा' म्हटल्यावर जिच्याकडे निकाहनाम्याचीही प्रत नाही, ती काय आणणार, हे तिथे कळतं.

रकमेचं सांगायचं तर ती कधीच पोटभर नव्हती. कित्येक वर्षं सहाशे रुपयांवर अडकलेली, मग हजार, आणि २०२३ पासून दीड हजार. उत्पन्नाची अट मात्र वर्षाला २१ हजार. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एवढ्या उत्पन्नात जगणारं माणूस दाखवायला तलाठ्यालाही कल्पनाशक्ती लागते. तालुक्याच्या समितीवर पालकमंत्र्यांच्या मर्जीतला अध्यक्ष असतो, त्याचा हारतुरे घालून सत्कार होतो, निराधारांच्या नावानं. तरीही दर महिन्याला नाही तर दोन-तीन महिन्यांनी ते पैसे येतात. सरकारं बदलली, शिवसेना-भाजप आले, गेले, पुन्हा आले. शहरांची नावं बदलली, जिल्ह्यांची बदलली. या योजनेवरचं नाव चाळीस वर्षांहून जास्त टिकलं. बहुधा त्या नावाचा माणूस कोण, हे विसरलं गेलं म्हणूनच.

माझ्यापुढची अडचण इथे आहे. जाफर जहीर 'नाही' म्हणाले आणि त्यांचं पद गेलं. त्यांच्या 'नाही'नं कुणाच्या चुलीवर तवा चढला नाही, ज्याला वाचवायचं तोही वाचला नाही. अंतुले 'हो' म्हणाले, नाव दिलं, पुढेही नावं देत राहिले, आणि त्या 'हो'मधून आमचा जिल्हा आला, खालाचा पगार आला. इतिहास लिहिताना मला जहीर मोठे वाटतात. त्या बाकावर खालाच्या शेजारी बसलो की अंतुल्यांना नावं ठेवायला जीभ रेटत नाही. माझे एक ज्येष्ठ मित्र म्हणतात की निराधारांचा पैसा हा जनतेच्या कराचा आहे, त्यावर कुणाचंही नाव नको. बरोबर आहे. पण १९८० मध्ये त्या पैशावर दिल्लीला आवडणारं नाव टाकल्याशिवाय योजना एवढ्या झपाट्यानं उभी राहिली असती, असं मला वाटत नाही. कोकणी मुसलमान मुख्यमंत्र्याला सहकारसम्राटांच्या मंत्रिमंडळात भूमिहीनांच्या विधवांसाठी तिजोरी उघडायला लावायची, तर कुणाच्या तरी नावाची ढाल लागणारच होती. त्यानं मेलेल्या माणसाची वापरली.

घरी आल्यावर रात्री खालाला मी हे सगळं सांगितलं. विमानाचं सांगितलं, हातानं कोलांटी करून दाखवली. इंदिरा गांधींचं नाव घेतल्यावर तिला ओळख पटली, इंदिराबाई तिला चांगल्या ठाऊक आहेत. मग नसबंदीचं सांगितलं. जीपचं, केसचं. "वोइच थे ये संजय गांधी," म्हणालो.

ती गप्प झाली. तिनं दुपट्ट्याचं टोक दोन-तीनदा बोटाला गुंडाळलं. "वोइच?" तिनं विचारलं. "तेरे खालू जिसके डर से रान में सोते थे?"

"हौ."

"और विमान में कौन था बोला साथ में?"

"सक्सेना म्हणून होते. शिकवणारे."

"उनकी घरवाली को लागू हुआ क्या कुछ?"

मी काहीच बोललो नाही. खालानं पिशवीतून कचेरीतून आणलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. मागच्या वेळी आधार कार्डावरच्या आणि बँकेतल्या नावात एका अक्षराचा फरक निघाला होता आणि तीन महिन्यांचे पैसे अडले होते. "पढ के देख," ती म्हणाली, "इस बार नाम बराबर डाले क्या."